रिसर्च मेथड्स पाठ होतात, पण स्वतःचा अभ्यास आखता येत नाही. कसं शिकायचं?

पहाटवारा
नमस्कार. मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष सुरू आहे. संशोधन पद्धतीच्या पेपरात स्वतंत्र चल, अवलंबी चल, विश्वसनीयता, वैधता, सगळं लिहिता येतं. आता प्रकल्पाची वेळ आलीय आणि त्यातलं काय, कुठे वापरायचं तेच सुचत नाही.

विषय असा: तालमीत जाणाऱ्या मुलांना राग जास्त आवरता येतो का? "पोरगं तापट हाय, तालमीत घाला" हे आमच्या पेठेत लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे विषय मनापासून निवडलाय. गाईड मॅडमनी सरळ आराखडा दिला. ६० पैलवान, ६० इतर मुलं, एक प्रश्नावली, मग दोन्ही गटांच्या सरासऱ्यांची टी-टेस्ट. वेळेत होईल, मंजूरही होईल.

पण समजा पैलवानांचा राग कमी निघाला. तो तालमीमुळे कमी झाला असं मी कशाच्या जोरावर म्हणणार? मुळात शांत असलेली मुलंच तालमीत टिकत असतील तर? व्हायवात हे कुणी विचारेल न विचारेल, मला मात्र ते सोडत नाहीये.

अभ्यास आखायला तुम्ही कसं शिकलात ते सांगा. आणि या विषयाचं काय करू तेही सांगा.

कट_जास्त
विषय नाद खुळा! नियंत्रित गटासाठी आमच्या कट्ट्यावरची पोरं घ्या. मिसळीत कट कमी पडला की राग मोजायला प्रश्नावलीसुद्धा लागणार नाही.

आकडेमोड
पहाटवारा, तुम्हाला जो प्रश्न सोडत नाहीये तोच अभ्यासाचा आराखडा. "मुळात शांत असलेलीच टिकत असतील तर?" याला पुस्तकात निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. नाव नंतर कळलं तरी चालतं, शंका आधी यावी लागते. मी वर्षानुवर्षं संख्याशास्त्र शिकवलं. ज्यांना शंका येत नाही त्यांना एसपीएसएससारखं सॉफ्टवेअर कितीही शिकवा, उपयोग होत नाही.

शिकायचा माझा आवडता मार्ग सांगतो, घरातच करता येतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९३५च्या 'डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात एक बाई म्हणतात, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, ते मी चवीवरून ओळखते. फिशर आठ कप ठेवतात, चार असे नि चार तसे. आठातून चार निवडायचे ७० प्रकार होतात. म्हणजे निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७०त १, सुमारे १.४ टक्के.

आपण कोल्हापूरचे, तर गुळाचा चहा आणि साखरेचा चहा घ्या. "मी ओळखतो" म्हणणारा घरोघरी सापडतो. आता आखायला बसा. रंगावरून कळेल, म्हणून डोळे बांधायचे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. चहा ओतणाऱ्याने कप हातात द्यायचा नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. सगळे कप सारखेच गरम हवेत. आणि चारऐवजी तीन बरोबर आले तर? ती शक्यता १६/७०. तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची मिळून १७/७०, म्हणजे सुमारे २४ टक्के. तेव्हा तीन आले म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. हे सगळं पहिला कप भरायच्या आधी कागदावर लिहून काढायचं.

गुळाची_ढेप
सर, एक राहिलं. गुळाच्या चहात दूध घालून उकळलं तर फाटतं. म्हणून आमच्याकडे दूध वरून घालतात, आणि साखरेच्या चहात मात्र एकत्र उकळतात. मग माणूस गूळ ओळखतोय की दूध कधी घातलं ते ओळखतोय?

आकडेमोड
ढेपसाहेब, शाब्बास! याला म्हणतात संमिश्रक चल. दोन्ही चहांत दूध वरूनच घालायचं, म्हणजे फरक फक्त गुळाचा उरतो. पहाटवारा, तुमच्या अभ्यासात 'तालीम' या एका शब्दाच्या पोटात असं किती दूध वरून पडतंय त्याची यादी करा.

साठमारी
मी लहानपणापासून तालमीत होतो, आता सुटली. ही घ्या यादी. पहाटे उठणं. जोर-बैठका. थंडाई, दूध, बदाम. रात्री लवकर झोप. मोबाईल कमी. घर सोडून तालमीत मुक्काम. बरोबरची पोरं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वस्ताद.

ताई, रागाचं तुम्हाला खरं सांगतो. पैलवानाला राग येत न्हाई असं काय नसतंय. बाहेर कुणावर हात उचलला तर वस्ताद तालमीतनं काढतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतंय. मग तुम्ही राग मोजणार की वस्तादाचा धाक?

आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, प्रत्येक तालमीची शिस्त वेगळी. एका तालमीत जाऊन "पैलवान असे असतात" म्हणू नका एवढी विनंती.

निळी_शाई
साठमारीदादांनी दोन परिच्छेदांत जे सांगितलं ते ६० प्रश्नावल्यांतून कधीच आलं नसतं. म्हणून माझं मत: ही प्रश्नावली बाजूला ठेव, मुलाखती घे. मी गुणात्मक काम करते, आशा सेविकांच्या ताणावर करतेय. माणसं 'राग आवरणं' कशाला म्हणतात हेच माहीत नसताना एक ते पाच आकड्यांवर खुणा करून घ्यायच्या, हे मला कधी पटलं नाही.

दहा-बारा पैलवान, दोन-तीन वस्ताद, आणि तालीम सोडून गेलेले काही जण. प्रत्येकाला शेवटचा राग कधी आला, तेव्हा काय झालं, हे तपशिलात विचार. शब्दशः उतरवून घे. मग त्यात काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघ.

आकडेमोड
निळी_शाई, मुलाखती हव्यातच, पण "प्रश्नावली बाजूला ठेव" याला माझा विरोध आहे. धागाकर्तीचा प्रश्न कार्यकारणाचा आहे: तालमीमुळे बदल होतो का. बारा जणांनी मनापासून "होतो" म्हटलं तरी बदल झाला हे सिद्ध होत नाही, त्यांना तसं वाटतं एवढं कळतं. पेठेतल्या आयाबायाही तेच म्हणतात, त्यासाठी एम.ए. कशाला?

निळी_शाई
सर, आदर ठेवून असहमत. पेठेतल्या आया जे म्हणतात ते शब्दशः उतरवून, पद्धतशीर तपासून, विरोधी उदाहरणं मुद्दाम शोधून मांडलं तर ते संशोधनच आहे. आणि आकड्यांच्या अभ्यासात तरी कार्यकारण कुठे सिद्ध होणार? तुम्ही चिठ्ठ्या टाकून निम्मी पोरं तालमीत नि निम्मी घरी पाठवणार आहात का?

कट_जास्त
चिठ्ठी टाकून तालमीत पाठवणार असतील तर आमच्या धाकट्याचं नाव दोनदा टाका.

पुणे_व्हाया_सातारा
मूळची राजारामपुरीची, सध्या पुण्यात पीएच.डी. करतेय. दोघांचंही म्हणणं या प्रकल्पात बसतं, पण क्रम लावावा लागेल. आधी काही मुलाखती, त्यातून राग आवरण्याची खरी वर्तनं कोणती ते ठरव, मग मोजमाप.

प्रश्नावलीबद्दल कळकळीने सांगते. परदेशी मापनी उचलून तिचं पुस्तकी मराठी करून वाटू नकोस. एकाने मराठीत आणायची, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायची, मग दोन्ही इंग्रजी रूपं ताडून बघायची. तेवढ्यावर थांबायचं नाही. पाच-सहा मुलांसमोर बसून एकेक विधान वाचून विचारायचं, "यातनं तुला काय कळलं?" पैलवानांसाठी आणि इतरांसाठी विधानाचा अर्थच वेगळा असेल तर सरासऱ्यांची तुलना वाया गेली. क्रॉनबाखचा अल्फा ०.८ आला म्हणून मापनी चांगली, असं सगळे लिहितात. अल्फातून विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच कळतं. ती रागच मोजतायत की वस्तादाचा धाक, ते अल्फाला कळत नाही.

दुसरं, वस्ताद शेजारी उभे असताना फॉर्म भरून घेऊ नकोस. गूगल फॉर्मची लिंक तालमीच्या ग्रुपवर टाकली तर एक जण भरेल आणि बाकीचे त्याचं बघून भरतील.

तिसरं, वय. तालमीतली बरीच मुलं १८ वर्षांखालची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि मुलाचाही स्वतंत्र होकार लागतो. मुक्कामी मुलांचे पालक गावाकडे असतात, तेव्हा ही तयारी आधी. वस्तादांनी "घ्या की, आपलीच पोरं हायत" म्हणणं म्हणजे संमती नव्हे.

पहाटवारा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वहीत उतरवून घेतेय. एक विचारते: ६०-६० हा आकडा येतो कुठून? मैत्रिणीला ३८४ सांगितलेत, मला १२०.

आकडेमोड
३८४ हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यातला. खूप मोठ्या लोकसंख्येत एखाद्या गोष्टीचं प्रमाण किती, हे ९५ टक्के विश्वासाने आणि अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत सांगायचं असेल तर तो नमुना लागतो, तोही यादृच्छिक निवडलेला. दोन गटांची तुलना हा वेगळाच प्रश्न आहे, त्याला तो तक्ता लागू नाही. तरी प्रबंधामागून प्रबंधांत तो चिकटवलेला दिसतो.

तुलनेसाठी आधी ठरवायचं की किती मोठा फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटतो. जेकब कोहेन यांच्या भाषेत सरासऱ्यांतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.५ पट असेल तर तो मध्यम फरक. तो ८० टक्के खात्रीने पकडायचा, सार्थकतेची पातळी ०.०५, तर प्रत्येक गटात ६४ माणसं. फरक ०.२ एवढा लहान असेल तर प्रत्येक गटात सुमारे ३९४. मोठा, ०.८ असेल तर २६ पुरतात. जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वतः आकडे बदलून बघा. एक संध्याकाळ घालवा, पुस्तकाच्या दोन प्रकरणांइतकं कळेल. विश्लेषणाला जास्प किंवा जामोवी वापरा, तीही फुकट आहेत.

पण हे आकडे प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे असं धरून आहेत. एका तालमीतली ३० मुलं एका वस्तादाच्या हाताखाली, एका ताटात जेवणारी. ती एकमेकांसारखी होत जातात. म्हणून साठमारींची सूचना संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे: जास्त तालमी घ्या, प्रत्येकीतून कमी मुलं घ्या.

गुळाची_ढेप
उसातही हेच. फडाचा उतारा बघायला बांधाकडचे ऊस घेतले तर फसगत होते, कडेच्या उसाला ऊन-वारा जास्त. फडात आत शिरून जागोजागचे ऊस घ्यावे लागतात. ताई, तालमीच्या दारात उभी असणारी, बोलायला पुढे येणारी पोरं म्हणजे बांधाकडचा ऊस.

पंचगंगाकाठ
विषयाला थोडं सोडून आहे, पण आराखडा म्हणजे काय हे मला ज्यातून कळलं ते सांगते.

२०१९ आणि २०२१च्या पुरात आम्ही घर सोडलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ. त्या दिवसांत मोबाईलवर धरणांबद्दल भलतेसलते निरोप फिरत होते. मला वाटायचं, लोक मुद्दाम घाबरवतात.

मग मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांच्या कामाबद्दल वाचलं. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी अफवा गोळा केल्या. हादरा बसला पण नुकसान झालं नाही अशा भागातल्या लोकांत "याहून मोठं संकट येणार" अशा अफवा फार होत्या. पुढे १९५२मध्ये दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या भूस्खलनावर लिहिलं. तिथे लोकांनी विनाश डोळ्यांनी पाहिला होता, आणि तशा भाकितांच्या अफवा त्यांना आढळल्या नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले. त्यांचं म्हणणं असं की भीती तर वाटतेय पण समोर कारण दिसत नाही, तेव्हा माणसं त्या भीतीला शोभेल असं कारण तयार करतात. १९५७च्या त्यांच्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धांताला (मनातल्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवू बघतो) यातून चालना मिळाली.

एकट्या बिहारवरून हे म्हणता आलं नसतं. तुलनेचा गट भेटला तेव्हा अर्थ लागला. आपल्या दोन माणसांच्या कामावर जगभर गाजलेला सिद्धांत उभा राहिला आणि आपल्या वर्गांत त्यांचं नाव क्वचित निघतं, याचं मला वाईट वाटतं.

पुणे_व्हाया_सातारा
वा, पंचगंगाकाठ! फक्त एक पुरवणी: भूकंप आणि भूस्खलन, वेगळी वर्षं, वेगळी माणसं, अफवा गोळा करायची पद्धत वेगळी. म्हणजे तिथेही पर्यायी स्पष्टीकरणं उरतातच. फेस्टिंगर यांनी म्हणून नंतर प्रयोगशाळेत प्रयोग केले. हा प्रवास शिकण्यासारखा आहे: आधी घटना, मग तुलना, मग प्रयोग.

पंचगंगाकाठ
मान्य. आपल्या पुरात नदीकाठच्या पेठा आणि उंचावरच्या वसाहती यांची अशी तुलना करता आली असती. कुणी केली असेल तर वाचायला आवडेल.

रातराणी_०९
ताई, एवढं कशाला? प्रकल्पाला थोडे गुण असतात. गाईडनी सांगितलंय ते करा, मोकळ्या व्हा. नेट-सेटचा अभ्यास कधी करणार?

पहाटवारा
रातराणी, काळजीने लिहिलंस ते कळतं. पण उद्या मी समुपदेशक म्हणून एखाद्या आईला "तालमीत घाला" किंवा "नका घालू" असं सांगणार असेन, तर ते कशावरून सांगते हे मला माहीत असायला हवं.

आकडेमोड
रातराणी, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विचार सार्वत्रिक आहे आणि त्याने आपल्या शास्त्राचं नुकसान होतं.

२०१५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांत ९७ टक्क्यांचे निकाल सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारे, होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के. याआधी २०११मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी खऱ्या डेटावरून दाखवून दिलं होतं की आयत्या वेळी चल निवडायचे, गट गाळायचे, मनासारखं आलं की थांबायचं, असं केलं तर एक गाणं ऐकून माणसाचं वय कमी होतं असासुद्धा 'सार्थ' निष्कर्ष काढता येतो. त्यात खोटा आकडा एकही नव्हता. "एवढं कशाला" यातून हे होतं.

फिशर १९३८ला भारतात आले होते, संख्याशास्त्राच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल, असं ते तिथे म्हणाले. माझ्या दारात दरवर्षी मार्च महिन्यात डेटा घेऊन मुलं उभी राहतात. त्यांना परत पाठवताना जीव तुटतो. ही मुलगी आधी विचारतेय, तिला घाईला लावू नका.

साठमारी
सर, टाळ्या! आणि ताई, एक उपाय सुचतोय. शाळेच्या परीक्षा झाल्या की उन्हाळ्यात तालमीत नवी पोरं येतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारा, मग तीन महिन्यांनी परत विचारा. जुन्या पैलवानांकडं जाऊच नका.

पुणे_व्हाया_सातारा
दादा, तुम्ही पूर्व-उत्तर चाचणीचा आराखडा सांगितलात! जोडीला तुलनेचा गट हवाच. त्याच वयाची, शक्यतो त्याच शाळांतली, तालमीत न गेलेली मुलं, त्याच दोन वेळा. नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीनेच राग उतरला की काय ते कळणार नाही.

यात एक खड्डा आहे. आई-वडील मुलाला तालमीत कधी घालतात? तो फार हाताबाहेर गेला की. एखाद्या टोकाच्या क्षणी मोजलेली गोष्ट पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकते, गॅल्टन यांनी १८८६ मध्येच हे दाखवलंय. तालीम असो वा नसो, तो मुलगा थोडा निवळलेला दिसणारच. म्हणून तुलनेच्या गटातही सुरुवातीला तेवढाच तापट असलेला मुलगा जोडीला हवा.

आणि वर्तन नोंदवणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते सांगू नकोस. रोझेंथाल आणि फोड यांच्या १९६३च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सांगितलं की हे उंदीर हुशार, ते मंद. प्रत्यक्षात वाटप यादृच्छिक होतं. तरी 'हुशार' उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले.

कट_जास्त
शाळेत आमच्या बाबतीत गुरुजींनी हेच केलं असणार, आज उलगडा झाला. पहाटवारा, पायलटला, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीला, आमचा धाकटा खरंच हजर आहे. वय १९, तालमीत जात नाही, लगेच चिडतो.

पहाटवारा
दोन रात्री बसून नवा आराखडा केला आणि आज मॅडमना दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, "वेळेत बसव, मग माझी हरकत नाही" म्हणाल्या.

आधी तीन तालमींतले पैलवान, वस्ताद आणि सोडून गेलेले यांच्या मुलाखती. त्यातून आणि एका प्रमाणित मापनीतून प्रश्न. पायलट. मग पाच-सहा तालमींतली नवी मुलं आणि त्यांच्या शाळांतली जोडीची मुलं, दोन वेळा मोजमाप. धाकाचे प्रश्न वेगळे आणि रागाचे वेगळे. परिकल्पना आणि विश्लेषण डेटा घ्यायच्या आधी ओएसएफ या संशोधनाच्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवणार. चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, म्हणून याला प्रयोग म्हणणार नाही, प्रयोगसदृश अभ्यास म्हणणार. शीर्षकातून 'परिणाम' हा शब्द काढला.

६४ची जोडी मिळणं कठीण दिसतंय. ४० मिळाल्या तर?

आकडेमोड
४०च घ्या आणि तसं लिहा. प्रत्येक गटात ४० म्हणजे साधारण ०.६३ एवढा फरक ८० टक्के खात्रीने पकडता येतो. त्याहून लहान फरक हुकू शकतो हे आधीच नोंदवा. पूर्वचाचणीचे गुण विश्लेषणात घेतलेत तर फरक पकडायची ताकद थोडी वाढेल. फरक नाही दिसला तर "तालमीचा परिणाम नाही" असं लिहू नका, विश्वासांतर द्या, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला.

निळी_शाई
सोडून गेलेल्यांच्या मुलाखती ठेवल्यास, फार बरं वाटलं. सर, तुमच्याशी भांडून झालं, आता मुलाखतींच्या संकेतनासाठी, म्हणजे बोलण्यातले मुद्दे वेगळे करून त्यांना नावं द्यायला, मी हिला मदत करते.

तीन महिन्यांत जी मुलं तालीम सोडतील त्यांचंही दुसरं मोजमाप घे. त्यांना वगळलंस तर टिकलेलीच उरतील आणि तुझी पहिली शंका मागच्या दाराने परत येईल.

पहाटवारा
हो, तेच अवघड दिसतंय. सोडून गेलेली मुलं शोधायची कशी? गावाकडं परत जातात, नंबर बदलतात.

साठमारी
वस्तादांच्या वहीत नाव-गाव असतंय. मी दोन तालमींत शब्द टाकतो.

पुणे_व्हाया_सातारा
दादा, वहीतले नंबर थेट हिला देऊ नका. वस्तादांनी त्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना फोन करून विचारावं, चालेल म्हणाले तर त्यांनी हिला फोन करावा. पहाटवारा, नव्या मुलांच्या संमतीपत्रातच ओळ घाल: तालीम सोडली तरी तीन महिन्यांनी एकदा संपर्क करू, चालेल का? नाही म्हणण्याची मोकळीक द्यायचीच.

साठमारी
बरोबर हाय, तसंच करतो. रविवारी सकाळी मेहनत संपल्यावर वस्ताद मोकळे असतात. ताई, संमतीपत्राचा मराठी मसुदा घेऊन या, त्यांना वाचून दाखवू.